गालगुंडाचे माणसाळणे

मुंबईच्या उत्तरेस अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि पूर्वेकडे घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत जी अफाट वस्ती पसरली आहे, तीतील कोणत्याही सुशिक्षित घरात गालगुंड हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा हसूच आधी उमटेल. देवी, पटकी, प्लेग ही नावे ऐकून आपल्या आजोबा-पणजोबांच्या पोटात गोळा उठत असे. गालगुंडाच्या वाट्यास तसला मान कधी आला नाही. मुलाचा गाल फुगतो, आंबट खाल्ले की जबडा कळवळतो, आठ-दहा दिवस शाळा बुडते, मग शेजारच्या मुलाची पाळी येते, आणि पंधरवड्यानंतर सर्व विसरले जाते. रोगाचे नावच इतके गालाशी जखडलेले आहे की, त्याचा गालापलीकडे कोठे संचार असेल अशी शंकाही येऊ नये.

पण हा समज खरा नाही. गालगुंडाचा विषाणू गालापेक्षा मेंदूचा अधिक लोभी आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. गालगुंड झालेल्या रोग्यांच्या पाठीच्या कण्यातील पाणी काढून तपासले असता जवळजवळ निम्म्यांच्या पाण्यात दाहाची चिन्हे सापडतात. त्यांतील बहुतेकांस त्याची जाणीवही नसते. परंतु लस निघण्यापूर्वीच्या काळात शंभरांत दहांपर्यंत रोग्यांस मेंदूच्या आवरणाचा दाह स्पष्टपणे होत असे, आणि पुष्कळ देशांत विषाणूजन्य मस्तिष्कावरणदाहाचे सर्वांत मोठे कारण हाच सौम्य म्हणून हसण्यावारी नेलेला रोग होता. त्यांतील बहुतेक रोगी बरे होत हे खरे; पण थोड्यांच्या मेंदूलाच दाह होई, आणि काहींचा एक कान कायमचा जाई. मूल लहान असले तर एक कान गेल्याचे घरी वर्षानुवर्षे कळतही नाही.

रोग जुना आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास हिपॉक्रेटीसने थॅसॉस बेटावरील साथीचे वर्णन लिहून ठेवले, त्यात कानापुढील सूज आणि काहींच्या वृषणांस होणारी वेदना या दोन्ही गोष्टी नोंदविल्या आहेत. मेंदूचा उपसर्ग मात्र वैद्यांच्या ध्यानात यावयास फार काळ जावा लागला. इंग्लंडातील रॉबर्ट हॅमिल्टन या वैद्याने एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेला व १७९० साली छापलेला निबंध हा या बाबतीतील आरंभीचा चांगला लेख होय. तेथपासून रोगाचे कारण सापडेपर्यंत दीडशे वर्षे लोटली. १९३४ साली अमेरिकेतील जॉन्सन आणि गुडपाश्चर यांनी रोग्यांची लाळ गाळून, तीत एकही जंतू राहू न देता, ती माकडांच्या लाळग्रंथीत घातली, आणि माकडांस गालगुंड झाले. तेव्हा हा रोग विषाणूचा आहे असे ठरले. १९४५ साली हाच विषाणू कोंबडीच्या अंड्यातील गर्भात वाढविता येऊ लागला, आणि तेथून लशीची वाट मोकळी झाली.

अंड्यात वाढविणे आणि लस यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. रोगजंतूस परक्या प्राण्याच्या शरीरातून पुनःपुन्हा नेत राहिले की त्याचा स्वभाव पालटतो, हा पाश्चरच्या काळापासूनचा अनुभव आहे. आपल्या मुंबईस तो परका नाही. १८९६ च्या ऑक्टोबरात प्लेगच्या कामासाठी येथे आलेल्या आणि पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसातील प्रयोगशाळेस ज्याचे नाव मिळाले, त्या वाल्डेमार हाफकिन यानेच त्याआधी पटकीच्या जंतूस गिनीपिगांच्या पोटातून एकामागून एक नेऊन त्याची तीव्रता वाढविली होती. परक्या शरीरातून नेल्याने तीव्रता वाढते, तशी ती कमीही होते. कोणत्या प्राण्यातून, किती वेळा, कसे नेले यावर ते अवलंबून. अंड्यात रुळलेला विषाणू माणसात पूर्वीसारखा फोफावत नाही. असा विषाणू टोचला म्हणजे शरीर त्यास ओळखून ठेवते आणि रोग मात्र होत नाही. यासच आम्ही येथे विषाणूचे माणसाळणे म्हणतो. एरवी माणसाळलेले जनावर माणसाजवळ येते. हा मात्र माणसाळला म्हणजे माणसात वाढेनासा होतो, एवढा उलटेपणा शब्दास सोसावा लागेल.

या कामातील सर्वांत सुप्रसिद्ध कथा मॉरिस हिलमन याची. १९६३ च्या मार्च महिन्यात त्याची पाच वर्षांची मुलगी जेरिल लिन गालगुंडाने आजारी पडली. बापाने तिच्या घशातील स्राव पुसून प्रयोगशाळेत नेला, अंड्यातून आणि नंतर कोंबडीच्या गर्भाच्या पेशींतून तो विषाणू वारंवार नेला, आणि १९६७ च्या अखेरीस त्याच्या लशीस परवाना मिळाला. मुलीचेच नाव त्या वाणास मिळाले. विषाणूच्या अशा एका कुळीस शास्त्रीय परिभाषेत निराळे नाव असेल. आम्ही शेतकऱ्याचा वाण हा शब्द पसंत करतो, कारण बियाण्याप्रमाणेच येथेही निवड आणि जोपासना हेच मुख्य काम असते. जेरिल लिन वाण मेंदूच्या बाबतीत अत्यंत निरुपद्रवी ठरला. मात्र तो निरुपद्रवी का, हे त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते. १९९३ साली तर असे आढळून आले की ज्यास सर्वजण इतकी वर्षे एक वाण समजत होते, ते वस्तुतः दोन निरनिराळ्या विषाणूंचे मिश्रण होते.

कारण न कळता मिळालेले यश दुसऱ्यास जसेच्या तसे मिळेल याची हमी नसते. जपानात उराबे नावाचा वाण तयार झाला. लस म्हणून तो उत्तम रोग टाळीत असे, आणि जपान, कॅनडा, ब्रिटन इत्यादी देशांत गोवर व रुबेला यांच्या लशींबरोबर तो दिला जाऊ लागला. परंतु लवकरच टोचलेल्या मुलांपैकी काहींस दोन-चार आठवड्यांनी ताप, डोकेदुखी, मान ताठणे अशी लक्षणे दिसू लागली, आणि त्यांच्या कण्यातील पाण्यात जो विषाणू सापडला तो लशीतलाच होता. कॅनडाने तो वाण प्रथम सोडला. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅम येथील डॉक्टरांच्या निरीक्षणामुळे धोका पूर्वी मानला होता त्याहून पुष्कळ अधिक असल्याचे दिसले; पुढील हिशेबाप्रमाणे तो सुमारे अकरा हजार मात्रांमागे एक असा होता, आणि १९९२ च्या सप्टेंबरात तेथील सरकारने ती लस मागे घेतली. जपानात १९८९ साली सुरू झालेली तिहेरी लस १९९३ साली बंद पडली.

आता अकरा हजारांत एक म्हणजे काय, याचा थोडा तोल पाहिला पाहिजे. खऱ्या रोगात हेच दुखणे शंभरांत काहींस होते. लशीने झालेली मुले जवळजवळ सर्व बरी झाली. तरीही आजाऱ्यास औषध देणे निराळे आणि धडधाकट मुलाच्या दंडात सुई खुपसणे निराळे. दुसऱ्या कृत्याचा जाब आईबाप अधिक कठोरपणे मागतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. मात्र जपानात पुढे जे घडले तेही सांगितलेच पाहिजे. तिहेरी लस गेल्यानंतर तेथे गालगुंडाची लस ज्याच्या त्याच्या इच्छेवर राहिली, रोग समाजात फिरत राहिला, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील एका पाहणीत सुमारे सात हजार चारशे रोगी मुलांपैकी सातांस बहिरेपण आल्याचे आढळले, म्हणजे हजारी एक. पूर्वीच्या पुस्तकांत हेच प्रमाण वीस हजारांत एक असे दिले जाई. तोवर मुलांचे कान कोणी नेटाने तपासलेच नव्हते.

उराबेच्या प्रकरणाने शास्त्रज्ञांपुढे एक नेमका प्रश्न उभा राहिला: मेंदूत शिरणारा विषाणू आणि न शिरणारा विषाणू यांत अक्षराचा फरक कोठे आहे? अक्षर हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. गालगुंडाच्या विषाणूची सर्व कुंडली आर.एन.ए.च्या एकाच धाग्यावर १५,३८४ अक्षरांत लिहिलेली असते. मराठी मासिकाच्या पाच-सहा पानांत मावेल एवढाच हा मजकूर. त्यात सात जनुके आहेत. त्यांपैकी तिघांच्या प्रथिनांशी आपले काम आहे. एक प्रथिन विषाणूच्या पृष्ठावर असून पेशीच्या अंगावरील सायलिक आम्लाला चिकटते, आणि काम झाल्यावर तेच बंधन कापूनही टाकते. यास आपण पकडीचे प्रथिन म्हणू. दुसरे विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळवून आत वाट करून देते. ते मीलनाचे प्रथिन. तिसरे आत गेल्यावर धाग्याच्या नकला काढते, ते नक्कलकार. हा नक्कलकार मोठा निष्काळजी असून पूर्वीच्या पोथ्या उतरविणाऱ्या लेखकांप्रमाणे अक्षरे चुकवितो, आणि चुकलेले अक्षर तपासून सुधारण्याची सोय त्याच्याजवळ नाही. म्हणून लशीच्या एका कुपीत एकच विषाणू कधी नसतो. एकाच मजकुराचे शेकडो पाठभेद तीत नांदत असतात. त्यांतला कोणता पाठ पुढे येईल हे तो ज्या पेशींत वाढतो त्या पेशी ठरवितात.

१९९६ साली कॅनडातील ओटावा येथील अर्ल ब्राउन आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नास एक अत्यंत आकर्षक उत्तर दिले. उराबे लशीत पकडीच्या प्रथिनाचे दोन पाठभेद होते. त्या प्रथिनातील ३३५ व्या जागी एकात लायसीन हे अमिनो आम्ल होते, दुसऱ्यात ग्लुटामिक आम्ल. मुळातील फरक एकाच अक्षराचा. आणि लस टोचल्यावर ज्यांस मस्तिष्कावरणदाह झाला त्यांच्यापासून मिळालेल्या विषाणूंत लायसीनवालाच पाठ सापडला. पुढे २००७ साली मेक्सिकोतील संशोधकांनी दाखविले की या एका बदलाने प्रथिनाची पकड आणि कापण्याची शक्ती दोन्ही पालटतात. चेतापेशींपासून निघालेल्या मानवी पेशींत लायसीनचा पाठ अधिक जोमाने वाढतो असेही त्यांच्या कामातून दिसले. किती सोयीचे झाले असते! एक अक्षर तपासावे, दुष्ट पाठ वेगळा काढावा, आणि सज्जन पाठाची लस करावी. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांसही असेच उत्तर आवडते.

निसर्गाने मात्र ही सोय करून दिली नाही. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन रुबिन, कॅथरिन कार्बोन, ख्रिश्चन साउडर इत्यादींनी त्यासाठी आधी एक कसोटी तयार केली. पूर्वी लशीचा मेंदूवरील परिणाम माकडांवर पाहात असत, पण माकडे निरुपद्रवी वाण आणि उपद्रवी वाण यांत नीट फरकच दाखवीनात. त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या जातीतील पिलांच्या मेंदूत विषाणू घालून महिनाभराने मेंदूतील पोकळ्या किती रुंदावल्या हे मोजण्याची रीत काढली. मागे १९६७ साली हॅमस्टरच्या पिलांत गालगुंडाच्या विषाणूने मेंदूतील पाण्याचा मार्ग बुजून डोक्यात पाणी साठते, असे जॉन्सन नावाच्याच दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाखविले होते. त्याच निरीक्षणाचा येथे मोजमापासाठी उपयोग झाला. या कसोटीवर वाणांचा क्रम माणसांतील अनुभवाशी जुळला. मग २००९ साली याच मंडळींनी उराबेची परीक्षा करून सांगितले की ३३५ व्या जागी लायसीन नसले तरी विषाणू मेंदूस उपद्रव देऊ शकतो. एका अक्षराचा सिद्धांत तेथे कोसळला.

दुसरीकडे बेल्फास्टच्या संशोधकांनी उलट दिशेने वाट धरली. इसवी सन २००० नंतर विषाणूचा धागा प्रयोगशाळेत हवा तसा जुळवून त्यापासून जिवंत विषाणू उभा करण्याची विद्या साध्य झाली होती. किल्हम नावाचा एक जुना वाण उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूत इतका रुळलेला होता की तो तेथे हटकून उच्छाद मांडी. त्यांनी किल्हमचे एकेक जनुक उचलून सालस जेरिल लिनच्या धाग्यात बसविले. पकडीचे जनुक एकटे बसविले, काही झाले नाही. इतर दोन बसविली, तरी काही नाही. मीलनाचे जनुक बसविले मात्र, आणि जेरिल लिनसारखा गरीब विषाणू पिलांच्या डोक्यात पाणी भरू लागला. पकडीचेही सोबत दिले तेव्हा उपद्रव किंचित वाढला. हे २००७ सालचे काम. यावरून मीलनाचे प्रथिनच खरा गुन्हेगार असे म्हणण्याचा मोह होईल, पण हे किल्हमपुरते खरे. माणसाच्या मेंदूशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही.

आमच्या मते या सर्व इतिहासातील सर्वांत मार्मिक प्रयोग रुबिन यांच्याच प्रयोगशाळेतील, त्याच वर्षीचा आहे. १९८८ सालचा एक जंगली, मेंदूस घातक वाण पेशींतून पुनःपुन्हा नेऊन त्यांनी निवळविला होता. निवळल्यानंतर धागा वाचून पाहिला, तो फक्त तीन अमिनो आम्लांचा फरक. पकडीच्या प्रथिनात ४६६ व्या जागी सेरीनऐवजी अ‍ॅस्पॅरजीन आले होते; त्यामुळे पकडही ढिली पडली आणि कापण्याची धारही बोथट झाली. मीलनाच्या प्रथिनात आधी दोन पाठ मिसळलेले होते, त्यांतला एकच उरला. त्यामुळे मीलन मंदावले. येथपर्यंत कोणासही पटेल. पण तिसरा बदल नक्कलकारात होता, आणि त्या बदलाने नक्कलकार मंद न होता उलट अधिक वेगाने काम करू लागला! म्हणजे जो विषाणू मेंदूत दुबळा झाला, त्याचे एक यंत्र पूर्वीपेक्षा जलद चालत होते. एकेका बदलाचा अर्थ एकटा घेतला तर काहीच उलगडत नाही. तिन्ही एकत्र, एकमेकांस ओढीत-सावरीत, हा गुण घडवितात. चेतापेशीत वाढण्याची शक्ती कोणत्याही एका प्रथिनात वास करीत नाही, असा त्याचा अर्थ.

हे परदेशच्या प्रयोगशाळांचे पुराण अंधेरी-मुलुंडच्या वाचकास कशास, असे कोणी म्हणेल. म्हणून आता पुण्यास येऊ. हडपसर येथे १९६६ साली सायरस पूनावाला यांनी स्थापिलेल्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-गालगुंड-रुबेला ही तिहेरी लस आपल्या उपनगरांतील दवाखान्यांत सर्रास मिळते. तीतील गालगुंडाचा वाण जेरिल लिन नव्हे, उराबेही नव्हे. तो लेनिनग्राड-झाग्रेब होय. नावातच त्याचा प्रवास आहे. लेनिनग्राड येथे स्मोरोदिन्त्सेव यांच्या हाताखाली तो प्रथम गिनीपिगांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत व मग लाव्याच्या गर्भपेशींत वाढला. पुढे झाग्रेबच्या संस्थेने त्यास कोंबडीच्या गर्भपेशींची सवय लाविली, आणि तेथून तो मुळा-मुठेच्या काठी आला. हा वाण रोग चांगला टाळतो. मेंदूच्या बाबतीत तो जेरिल लिनइतका निर्दोष मात्र नाही: ब्राझीलच्या रिओ ग्रांद दो सुल प्रांतात १९९७ साली याच वाणाची लस एकदम मोठ्या संख्येने टोचली, तेव्हा काही हजार मात्रांमागे एक या प्रमाणात मस्तिष्कावरणदाहाचे रोगी दिसले. ते दुखणे सहसा आपोआप बरे होणारे असते. जागतिक आरोग्य संघटनेने हा वाण वापरण्यास मनाई केलेली नाही. मात्र मोठ्या मोहिमांत अशा घटना ओळखण्याची व लोकांस समजावण्याची तयारी आधी ठेवावी, असे तिचे म्हणणे आहे. हे आईबापांपासून लपवून ठेवण्यात कोणाचेही हित नाही असे आम्हांस वाटते. सांगूनसवरून दिलेल्या लशीनंतर मुलास ताप आला तर आई डॉक्टरकडे जाते. न सांगता दिलेल्या लशीनंतर आला तर ती पुढच्या सर्व लशींवरील विश्वास गमावते.

आणि अधिक माणसाळविण्यातही धोका आहे, हे स्वित्झर्लंडच्या रुबिनी वाणाने दाखविले. तो इतका सालस निघाला की मेंदूस त्याचा त्रास नाही, पण रोगासही त्याचा अडथळा नाही. टोचलेली मुले खुशाल गालगुंडाने आजारी पडली, आणि शेवटी राष्ट्रीय कार्यक्रमांत तो वापरू नये असे जागतिक आरोग्य संघटनेस सांगावे लागले. दोन्ही बाजूंस दरी आणि मध्ये अरुंद पायवाट, आणि त्या पायवाटेवर अक्षराची एकही खूण नाही. लस करणाऱ्यास प्रत्येक वाण आधी पिलांच्या मेंदूत आणि मग माणसांतील अनुभवातच पारखून घ्यावा लागतो.

आपल्या सरकारी लसीकरणात मात्र हा प्रश्न वेगळ्याच रीतीने निकालात काढला आहे. २०१७ पासून देशात आणि २०१८ च्या नोव्हेंबरापासून महाराष्ट्रात मोठी मोहीम होऊन मुलांस गोवर व रुबेला यांची दुहेरी लस मिळू लागली. गालगुंड तीत नाही. गोवराने मुले दगावतात आणि रुबेलाने गर्भातली मुले पंगू होतात, त्यांना अग्रक्रम मिळाला यात गैर काही नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडीकडे गोवराने काय केले ते मुंबईने पाहिलेच आहे. पण गालगुंड वगळण्यास त्याच्या सौम्यपणाचे जे कारण पुढे केले जाते, ते आम्हांस तितकेसे पटत नाही. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना नवव्या महिन्यास, पंधराव्या महिन्यास आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान तिहेरी लस द्यावी असे सांगते. परिणाम असा की घाटकोपरच्या एकाच रस्त्यावर, एका बाजूच्या इमारतीतील मूल खाजगी दवाखान्यात पैसे देऊन तीन रोगांपासून सुरक्षित होते, आणि समोरच्या चाळीतले महापालिकेच्या केंद्रावर दोन रोगांपासून. दोघे पुढे एकाच लोकलच्या डब्यात दाटीवाटीने उभे राहतात.

यात आणखी एक बारीक काटा आहे, आणि तो टोचून घेतलेल्यांनाही बोचतो. लस समाजातील पुष्कळांना मिळाली तर रोग मागे हटतो. निम्म्याशिम्म्यांना मिळाली तर तो हटत नाही, फक्त रेंगाळतो, आणि जे सुटले त्यांस पाचव्या वर्षाऐवजी पंधराव्या-विसाव्या वर्षी गाठतो. तारुण्यात आलेल्या मुलग्यांत वृषणदाह होण्याचे प्रमाण दर पाचांत एकाच्या आसपास असते. मेंदूचा उपसर्गही मोठ्या वयात अधिक. म्हणून ही लस कार्यक्रमात घेतलीच तर ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांस देण्याची तयारी असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खाजगी दवाखान्यांच्या भरवशावर ऐंशी टक्के गाठले जात नाहीत, हे उपनगरांतील कोणाही डॉक्टरास ठाऊक आहे. २०२४ च्या आरंभी केरळात गालगुंडाचे हजारो रोगी नोंदले गेले आणि तेथील सरकारने केंद्राकडे तिहेरी लशीचा आग्रह धरला.

मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली अंधेरी व घाटकोपरापर्यंत आली आणि १९५७ साली बोरिवली-मुलुंडास पोहोचली. नळ, गटारे आणि देवी टोचणारा कारकून या क्रमाने मागाहून आले. त्या काळी देवी कोणासही विकत टोचून घ्यावी लागत नसे.